चौधारीला फुलंच नाहीत, आणि मी दिलेला दुधी कडू निघाला – बियांची अदलाबदल नीट कशी करायची?

मेघा_ठाणे | ३ ऑगस्ट

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

गेली तीन वर्षं गच्चीत बाग करतेय. वीसेक कुंड्या, चार ग्रो बॅग आणि पाण्याच्या टाकीला लागून नायलॉनच्या दोरीचा मांडव. टोमॅटो, मिरची, पालक सगळं करून झालं आणि मग नाद लागला तो बाजारात न मिळणाऱ्या बियांचा. माझी आजी राजापूरकडची, तिच्या परसात चौधारी घेवडा असायचा. शेंगेला चारही बाजूंनी झालरीसारख्या कडा, आडवी चिरली की विळीवर चांदण्या पडायच्या. ती भाजी मी शेवटची खाल्ली तेव्हा सातवीत होते. आजी गेली, घर बंद पडलं आणि बी ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

तर गेल्या वर्षी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकांकडे चौधारीच्या बिया निघाल्या. त्यांनी सहा दिल्या, मी त्यांना पांढरी गोकर्ण, लाल अंबाडी आणि माझ्या गच्चीतल्या लांब दुधीच्या बिया पाठवल्या. फेब्रुवारीत लावल्या, चार उगवल्या, आणि वेल असे वाढले की मांडव पुरेना. पण मे संपला तरी एक कळी नाही. सगळे म्हणाले वांझ बी दिलं तुला, काढून टाक. तीन वेल उपटले. चौथा टाकीच्या मागे गेला होता तिथे हात पोचत नाही म्हणून तो अजून आहे, नुसता हिरवागार.

आणि दुसरं, जे मला जास्त लागलंय. ज्यांना मी दुधीचं बी दिलं होतं त्यांचा मागच्या आठवड्यात मेसेज आला. फळं लांबही नाही गोलही नाही, मध्येच गळा काढलेली, आणि भाजी तोंडात घातली तर कडूजहर. मी तर चांगला लांब, गोड दुधी वेलावर पिकवून त्याचंच बी काढलं होतं हो, माझ्या हातची भाजी घरात सगळ्यांनी खाल्लीय. ते काही रागावले नाहीत पण मला रात्री झोप लागली नाही. गेल्या वर्षी त्याच मांडवावर मी एक तुंब्याचा वेलही लावला होता, पंढरपूरकडून मैत्रिणीने आणलेलं बी, तंबोऱ्याचा भोपळा करतात तो. त्याचा काही संबंध असेल का?

मला ही अदलाबदल सोडायची नाहीये. पण परत कुणाला चुकीचं बी जायला नको. तुम्ही लोक बी देताना-घेताना काय काय बघता, काय लिहून देता, सविस्तर सांगा ना प्लीज.

आबा_गुहागर | ३ ऑगस्ट

मेघाताई, टाकीमागचा वेल उपटू नका!! आधी हे वाचा, बाकी सगळं नंतर.

बी वांझ नाही. चौधारी हे लहान दिवसाचं पीक आहे, म्हणजे दिवस साधारण बारा तासांच्या आत आला की मगच ती कळी धरते. आमच्याकडे बी मिरगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला टाकतात, गणपतीपर्यंत वेल मांडव भरतो, नवरात्र सरता सरता फुलं दिसायला लागतात आणि दिवाळीत शेंगा. तुम्ही फेब्रुवारीत टाकलीत, वेल वयात आला तेव्हा दिवस उलट मोठा होत चाललेला, ती बिचारी फुलणार कशी. तुमच्या वेलाला खाली मुळाशी कंद धरलेला असणार, तो मजबूत असेल, ऑक्टोबरात बघा काय करतो ते.

एक विचारतो, टाकीजवळ रात्रभर दिवा जळतो का? सोसायटीच्या गच्च्यांवर असतो बहुतेक. असला तर तो बंद करा किंवा वेलावर उजेड पडणार नाही असं काहीतरी करा, कारण ह्या झाडाला दिवस नाही, रात्र मोजायची असते. मध्ये उजेड आला की तिचा हिशोब चुकतो. आणि आता शेणखत घालू नका, नुसता पाला वाढेल.

पुढच्या वेळी पेरताना बी काचपेपरवर एका बाजूने जरा घासा (डोळ्याची बाजू सोडून), रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेलं तेवढंच लावा. कवच फार कडक असतं, तसंच टाकलं तर महिना महिना मातीत पडून राहतं. शेंग बोटभर लांब असतानाच काढायची, कडा कोवळ्या असल्या पाहिजेत, एकदा दोरा धरला की भाजीला गेली.

ज्यांनी तुम्हाला बी दिलं त्यांनी "मिरगाला पेरा" एवढे दोन शब्द जरी चिठ्ठीवर लिहिले असते तरी तुमचे तीन वेल वाचले असते. मी हे चिडून लिहीत नाहीये पण मनापासून वाटतं, बी नुसतं देऊन चालत नाही, ते कधी पेरायचं हे गावात सगळ्यांना माहीत असायचं म्हणून कुणी सांगायचं नाही, आता बी ठाण्याला जातं, नागपूरला जातं, तिथे कोण सांगणार.

स्वाती_कोथरूड | ३ ऑगस्ट

मेघा, दुधीचं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. तुंबा!

लांब दुधी, गोल दुधी, तुंबा, विणेचा-तंबोऱ्याचा भोपळा ही सगळी एकाच जातीची भावंडं आहेत, त्यांचा आपसात आरामात संकर होतो. आणि सगळ्यात फसवं काय, तर संकर झाला तरी त्या वर्षी फळात काहीच दिसत नाही. फळ आईसारखंच येतं, लांब आणि गोड, कारण गर आईचा असतो, बापाचं जे काही आहे ते आतल्या बियांमध्ये. ते बी पेरलं की पुढच्या वेलावर कळतं. म्हणून तू तुझ्या परीने चोख बी दिलंस आणि तरी त्यांच्याकडे असं झालं. अपराधी वाटून घेऊ नकोस, पण त्यांना आजच फोन कर आणि सांग की ते कडू फळ अजिबात कुणी खायचं नाही, रस तर नाहीच नाही. कडू दुधीच्या रसाने लोक हॉस्पिटलात गेलेत, जीवही गेलेत. शिजवून कडूपणा मरत नाही. दुधी कुठलाही असो, चिरताना आधी एक छोटा तुकडा जिभेला लावायचा, कडू लागला तर थुंकायचं आणि अख्खं फळ फेकून द्यायचं. तुझ्याकडे त्या बियांतलं काही शिल्लक असेल तर तेही टाकून दे.

आता बी शुद्ध कसं ठेवायचं. मी करते ते सांगते.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, पांढरं, रात्री पतंग येतात त्यावर. तर मी चार-साडेचारला गच्चीत जाते आणि आज उमलणार अशा कळ्या शोधते, त्या टोकाला जरा सैल आणि पांढुरक्या झालेल्या असतात. मादी कळीच्या खाली बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो, नराला नुसता लांब देठ. दोन्हीला लोकरीच्या धाग्याने हलकं बांधून टाकते म्हणजे माझ्याआधी कुणी आत शिरायला नको. दिवेलागणीला नर कळी तोडून पाकळ्या मागे सोलते, मादीचा धागा सोडते, परागकण तिच्या मध्यावर तीन-चार वेळा टेकवते, आणि परत बांधते. मग त्या देठाला लाल लोकर. ते लाल लोकरवालं फळ घरात कुणी तोडायचं नाही, माझ्या सासूबाई पण आता राखण करतात त्याची. वेलावरच वाळू द्यायचं, हलवलं की आत खुळखुळ वाजलं पाहिजे.

दोडक्याचं फूलही संध्याकाळचंच, पिवळं. घोसाळ्याचं मात्र सकाळी उमलतं, त्याला आदल्या संध्याकाळी कळी बांधायची आणि सकाळी लवकर जायचं. वाल, घेवडा, चवळी, टोमॅटो ही मंडळी बरीचशी स्वतःची स्वतः फळतात, त्यांना एवढा जाच नाही, नवीन माणसाने अदलाबदल ह्यांच्यापासून सुरू करावी. मिरचीत मात्र माश्या भरपूर घोळ घालतात, दोन तऱ्हेच्या मिरच्या शेजारी असतील तर एका फांदीला फुलं यायच्या आधी जाळीची पिशवी बांधायची.

आणि दुकानातलं हायब्रीड पाकीट लावून त्याचं बी काढून कुणाला देऊ नये, पुढच्या पिढीत ते फुटतं, दहा रोपं दहा तऱ्हेची निघतात. द्यायचंच असेल तर स्पष्ट सांगून.

मेघा_ठाणे | ४ ऑगस्ट

आबा, स्वातीताई, काय बोलू. आत्ताच फोन करून आले, त्यांनी दोन फळं नातेवाइकांना द्यायला काढून ठेवली होती, वेळेत सांगितलं गेलं. माझ्याकडच्या उरलेल्या बिया पण टाकल्या.

आणि हो आबा, टाकीवर ट्यूबलाइट आहे, रात्रभर चालू असते. वॉचमनकाकांशी बोलते.

भटक्या_८८ | ४ ऑगस्ट

छान धागा. कुणाला खरंच दुर्मिळ काही हवं असेल तर मी दर पावसाळ्यात सातारा भागात फिरतो, कंदीलपुष्पाच्या शेंगा मिळू शकतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कास बाजूला पण जाणं होतं. बदल्यात मला मुचकुंद आणि पिवळ्या पळसाचं बी हवंय. व्यनि (खाजगी निरोप) करा.

अनघा_कोल्हापूर | ४ ऑगस्ट

@भटक्या_८८, कृपा करून हे करू नका. कंदीलपुष्पाच्या काही जाती अशा आहेत की त्या जगात फक्त आपल्या सह्याद्रीत, आणि त्यातही मोजक्या कड्यांवर आणि पठारांवरच उरल्यात. त्या फुलाची रचना तुम्ही पाहिलीच असेल, आत खाली वळलेले केस असतात, बारीक माशी उतरते ती अडकते, केस वाळले की पराग घेऊन सुटते, मग दुसऱ्या फुलात जाऊन परत अडकली तर कुठे फळ धरणार. एवढ्या खटाटोपातून एखाद्या वेलाला शेंगेची एक जोडी येते, आणि ती आपण खिशात घालून आणायची? कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, राखीव जंगलातून बी, कंद काहीही उचलणं गुन्हा आहे तो वेगळा. बरं ती कुंडीत जगत पण नाहीत सहसा, कोकोपीटमध्ये कंद कुजतो. मी विद्यापीठाच्या बागेत ह्या झाडांबरोबर काम केलंय म्हणून पोटतिडकीने सांगतेय.

मुचकुंद आणि पिवळ्या पळसाची हौस मात्र अगदी रास्त आहे. पिवळ्या पळसाचं एक लक्षात ठेवा, बी पिवळ्याचं असलं तरी आजूबाजूला सगळे केशरी असतील तर रोप पिवळंच निघेल ह्याची खात्री नाही, आणि ते कळायला बरीच वर्षं थांबावं लागतं.

भटक्या_८८ | ४ ऑगस्ट

मान्य. मी ह्या बाजूने विचारच केला नव्हता, वाऱ्यावर उडून जाणारच आहे ते बी तर दोन घेतले तर काय असं वाटायचं. ह्यापुढे फक्त फोटो. रस्त्याकडेच्या बहाव्याच्या आणि मुचकुंदाच्या शेंगा चालतील ना, त्या गोळा करतो.

अनघा_कोल्हापूर | ४ ऑगस्ट

चालतील काय, धावतील. बहाव्याचं बी उकळतं पाणी उतरवून त्यात रात्रभर ठेवा, मग पेरा.

आणि जाता जाता सगळ्यांसाठी, विषारी बिया देताना पाकिटावर लाल पेनाने तसं लिहा. गुंज, कण्हेर, धोतरा, एरंड, कळलावी. गुंजा इतक्या सुंदर दिसतात की लहान मूल हमखास तोंडात घालतं. तसंच "भराभर वाढतं, कुठेही रुजतं" अशी जाहिरात असलेलं परदेशी फूल आलं तर दोनदा विचार करा. टणटणी पण शोभेचं झाड म्हणूनच आणली होती आपल्याकडे, आज डोंगरच्या डोंगर व्यापलेत तिने.

सुहास_एडिसन | ५ ऑगस्ट

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्याकडे मे ते सप्टेंबर परसात दुधी, गवार, वाल होतात आणि मराठी मंडळात आपसात रोपं वाटतो. चौधारीचं वाचून जीव कासावीस झाला, आई करायची. कुणी पाकिटात दहा बिया घालून पाठवाल का? पोस्टेज मी देतो.

स्वाती_कोथरूड | ५ ऑगस्ट

सुहास, साध्या पाकिटात नको, मनापासून सांगते. अमेरिकेत बी न्यायला एकतर इथलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियांना रोग-कीड नाही असा सरकारी दाखला) लागतं किंवा तुमच्या नावावर तिथल्या कृषी खात्याचं थोड्या बियांसाठीचं परमिट, ते ऑनलाइन काढता येतं. त्यात एका पाकिटात एका जातीच्या जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम, प्रत्येक पाकिटावर शास्त्रीय नाव. २०२० मध्ये तिकडे लोकांच्या घरी न मागवलेल्या बियांची पाकिटं आली होती आठवतंय ना, तेव्हा आपल्याकडेही सरकारने सावध केलं होतं. बियांबरोबर बुरशी, विषाणू, भुंग्याची अंडी काय वाट्टेल ते जाऊ शकतं. आणि आपली नाळीची भाजी तिकडे चक्क घातक तणांच्या यादीत आहे, ती तर बिलकुल नको. उलट दिशेने पण तेच, परदेशातून बॅगेत लपवून बी आणू नका कुणी.

आबा_गुहागर | ५ ऑगस्ट

सुहासराव, शिवाय तुमच्याकडे दिवस लहान होऊन चौधारी कळी धरेपर्यंत थंडी येऊन वेल करपेल. दिवसाच्या लांबीची अट नसलेले काही वाण आहेत, ते तिथल्याच एखाद्या बी विकणाऱ्याकडे शोधा, गावरान कोकणातली तिथे तुमची निराशाच करेल. आईच्या हातचं खायचं असेल तर दिवाळीत गुहागरला या, खरंच या.

कांतिलाल_अकोले | ७ ऑगस्ट

उशिरा आलो. आमचा तालुका राहीबाई पोपेरेंचा, कोंभाळण्याच्या. २०२० ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांना नाव कळलं, पण त्या त्याआधी किती वर्षं गावठी वाल, घेवडे, भाताच्या जाती जमवत होत्या आणि बायांना बी वाटत होत्या. त्यांच्या बोलण्यात कायम येतं की बी दुसऱ्याच्या घरी गेलं तरच टिकतं, आपल्याकडचं कधी अळीने गेलं, कधी पावसाने गेलं तर मागायला जागा पाहिजे ना.

माझी आई पण तसंच करायची. बी देताना पैसे घेत नसे, पुढच्या साली मूठभर परत आणून दे म्हणायची. कुणाला काय दिलं ते तिच्या डोक्यात पक्कं असायचं. मला वाटतं अदलाबदलीत "ह्याच्या बदल्यात लगेच हे" असा हिशोब नसावा, ज्याच्याकडे अजून काहीच नाही त्या नवीन माणसाने काय करायचं मग?

साठवणीचं सांगतो. वालाचं, घेवड्याचं बी सावलीत चांगलं वाळवायचं, दाताखाली कट्कन तुटलं पाहिजे, दबलं तर ओल आहे. मग चाळलेली राख आणि निंबाचा पाला घालून मडक्यात, तोंड शेणामातीने लिंपून. शहरात राख नसेल तर काचेची बरणी आणि सिलिका जेलच्या पुड्या, औषधाच्या डब्यांत येतात त्या. भुंगा लागायची भीती असेल तर पूर्ण वाळलेलं बी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही, तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर बाहेरची हवा आत जाऊन बियांवर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात. द्यायच्या आधी दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून बघायच्या, किती उगवल्या ते चिठ्ठीवर लिहायचं.

सगळंच बी वाळवून ठेवता येत नाही हेही लक्षात असू द्या. फणस, कोकम, जांभूळ, सीता अशोक ह्यांचं बी वाळलं की मेलं, ते फळातून काढून ओलसर कोकोपीटमध्ये आठवड्याच्या आत पोचवायचं. आणि कर्टुल्याचं बी मागण्यापेक्षा कंद मागा. नर वेल वेगळा, मादी वेगळा, बियांपासून काय निघेल ते फूल येईपर्यंत कळत नाही, कंद देणाऱ्याला ते माहीत असतं. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो पण तो एक लागतोच.

कायद्याचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो, २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, पेरायचा, बदलायचा, वाटायचा, विकायचासुद्धा हक्क आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही.

मेघा_ठाणे | ७ ऑगस्ट

कांतिलालदादा, "दाताखाली कट्कन" हे मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे. माझ्या सगळ्या बिया मी प्लॅस्टिकच्या झिपलॉकमध्ये ठेवल्या होत्या, आत्ता काढून बघितल्या तर अंबाडीच्या पिशवीत आतून घाम आलाय. सगळ्या कागदावर पसरल्यात पंख्याखाली.

मेघा_ठाणे | १९ ऑक्टोबर

धागा वर काढतेय कारण आबांना सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

वॉचमनकाकांनी ऑगस्टपासून टाकीवरची ट्यूब रात्री लावणंच बंद केलं. दसरा झाला आणि एका सकाळी कपडे वाळत घालायला गेले तर टाकीच्या मागून, जिथे माझा हात पोचत नाही तिथेच, निळसर फूल. त्यानंतर रोज चार-पाच. आज सकाळी खुर्ची लावून वर चढले आणि कोवळ्या अकरा शेंगा काढल्या. विळीवर चिरल्या, तशाच चांदण्या पडल्या. आईला व्हिडिओ कॉल लावला होता, ती काही बोललीच नाही बराच वेळ, मग म्हणाली खोबरं जास्त घाल, आजी घालायची.

पहिल्या चार शेंगांना स्वातीताईंसारखी लाल लोकर बांधलीय, त्या वेलावरच वाळणार. डिसेंबर-जानेवारीपर्यंत बी तयार होईल असं वाटतंय, मग दहाची चाचणी करेन आणि उरतील त्या इथेच वाटेन. पहिलं पाकीट ज्यांनी मला सहा बिया दिल्या त्यांना, त्यांचा स्वतःचा वेल ह्या पावसात कुजला म्हणाले. बदल्यात काही नको, ज्यांना हवं त्यांनी व्यनि करा, एकेकाला पाच-पाच. चिठ्ठी आत्ताच लिहून ठेवलीय, आबा एकदा बघून सांगा काही राहिलंय का:

"चौधारी घेवडा. ठाणे, गच्ची, एकच वेल, जवळपास दुसरी चौधारी नाही. फूल निळसर, शेंग हिरवी. मिरगाला पेरा, त्याआधी पेरू नका. काचपेपरवर घासून रात्रभर भिजवा. मांडव हवा. रात्री वर दिवा नको. फुलं नवरात्रानंतर, तोवर उपटू नका. दहापैकी ___ उगवल्या."

आबा_गुहागर | १९ ऑक्टोबर

राहिलंय. शेंग केव्हा काढायची ते लिहा, बोटभर लांब असताना. आणि बी धरल्याचा महिना-साल घाला. पाच मलाही पाठवा, माझ्याकडची फुलं पांढरी आहेत.